पदवीच्या वाटेवर कागद अडवतात: नाशिक जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी या चुका टाळा

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांतल्या मुलामुलींना गुण पुरेसे असूनही जागा सोडावी लागते, असं दर जून-जुलैत घडतं. नाशिक शहराच्या झोपडपट्ट्यांत आणि सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांतही तेच होतं. घरात याआधी कुणी कॉलेजला गेलेलं नसलं की कोणता कागद कधी लागतो हे सांगणारं कुणी नसतं. जागा राखीव आहे, फी माफ आहे, राहण्या-जेवणासाठीही योजना आहेत. पण यातल्या प्रत्येक गोष्टीची तारीख वेगळी, नमुना वेगळा आणि ऑफिसही वेगळं. क्रम चुकला की हक्काची जागा हातची जाते, आणि तिथे मुलाच्या हुशारीचा काही उपयोग होत नाही.

व्हॅलिडिटीला बारावीच्या निकालानंतर हात घालणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे व्हॅलिडिटी, हे दोन वेगळे कागद आहेत. दाखला प्रांत ऑफिसातून मिळतो. तो खरा आहे की नाही हे तपासून व्हॅलिडिटी देते ती समिती. इंजिनिअरिंग, फार्मसी, मेडिकल, कृषी, लॉ, बीएड अशा अभ्यासक्रमांत राखीव जागेवर प्रवेश हवा असेल तर व्हॅलिडिटी लागतेच. समितीचं काम महिन्यांत मोजायचं असतं आणि प्रवेशाच्या फेऱ्या आठवड्यांत संपतात. म्हणून अर्ज अकरावीतच टाका. अकरावी-बारावी विज्ञानच्या विद्यार्थ्यांना कॉलेजचं पत्र, म्हणजे प्राचार्यांच्या सहीचा नमुना १५-अ, लागतो. तो अकरावीच्या पहिल्या सत्रातच मागून घ्या. कला-वाणिज्य शाखेच्या मुलांकडून हा विषय राहून जातो, कारण साध्या बीए-बीकॉमला सहसा कुणी व्हॅलिडिटी विचारत नाही. तीन वर्षांनी लॉ किंवा बीएडची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, दिल्यावर मात्र तीच मुलं अडकतात.

अर्ज कोणत्या समितीकडे जातो, यातही गोंधळ होतो. अनुसूचित जाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती, ओबीसी आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) यांच्यासाठी जिल्हा जात पडताळणी समिती आहे, आणि ज्या जिल्ह्यातून जातीचा दाखला निघाला त्याच जिल्ह्याच्या समितीकडे अर्ज करायचा असतो. कुटुंब वीस वर्षांपासून नाशिकच्या सिडकोत राहत असेल, पण दाखला धुळ्याचा असेल, तर अर्ज धुळ्यालाच जाणार. अनुसूचित जमातींसाठी (एसटी) आदिवासी विकास विभागाच्या वेगळ्या समित्या आहेत. एसटीचा अर्ज जिल्हा समितीकडे भरला तर तो परत येतो आणि तोवर दोन महिने गेलेले असतात.

मूळ दाखल्यालाही तोच नियम. कुटुंबाचं कायम वास्तव्य ठरावीक तारखेला कुठे होतं ते पाहिलं जातं: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबा त्या तारखेला ज्या गावी होते, त्या भागाच्या प्रांतांकडे जावं लागतं. सुरगाण्याच्या माणसाला त्यासाठी कळवण गाठावं लागतं, नाशिकला चकरा मारून उपयोग नाही.

आता पुरावे. नातं वडिलांकडून रक्ताचं असावं लागतं: वडील, आजोबा, पणजोबा, काका, आत्या, चुलत भावंडं. मामा किंवा आजोळचे कागद जोडून फाईल जाडजूड होते, पण भक्कम होत नाही. सगळ्यात वजन असतं ते वडिलांच्या किंवा सख्ख्या काकांच्या व्हॅलिडिटीला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये जमातींच्या पडताळणीबाबत निकाल देताना सांगितलं, की आप्तभाव चाचणी (चालीरीती, बोली यांवरून जमात तपासणं) ही एकमेव कसोटी होऊ शकत नाही. रक्ताच्या नातेवाइकाला रीतसर चौकशीनंतर वैधता मिळालेली असेल, तर त्या प्रमाणपत्रालाही त्या निकालाने महत्त्व दिलं. म्हणून भावकीत कुणाची व्हॅलिडिटी झाली आहे का, हे आधी विचारा. मिळाली तर तिची प्रत आणि नातं दाखवणारी वंशावळ जोडा. जिल्हा समितीकडच्या अर्जात वंशावळीचं शपथपत्र नमुना ३ मध्ये आणि अर्जदाराचं स्वतःचं नमुना १७ मध्ये असतं. वंशावळीत मयत व्यक्ती, बहिणी, आत्या गाळू नका. एका भावाच्या वंशावळीत असलेलं नाव दुसऱ्याच्या वंशावळीत नसलं की समिती खुलासा मागते.

व्हॅलिडिटी कुणाचीच नसेल तर जुने कागद शोधायचे. वडील-आजोबांच्या प्राथमिक शाळेचा जनरल रजिस्टरचा उतारा सगळ्यात उपयोगी पडतो. नुसत्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर थांबू नका, मुख्याध्यापकांकडून रजिस्टरच्या त्या पानाची साक्षांकित प्रत घ्या. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जन्म-मृत्यूची जुनी नोंद, म्हणजे गाव नमुना १४, मिळू शकते. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. नोंद मोडीत असेल तर तिचं प्रमाणित लिप्यंतर जोडावं लागतं. कागद जितका जुना, विशेषतः १९५० च्या आधीचा, तितकी अडचण कमी.

नोंदीतल्या शब्दांकडे नीट पाहा. कोकणा, कोकणी, कुकणा ही जमातींच्या यादीत एकाच नोंदीत आहेत, त्यामुळे त्या फरकाची धास्ती नको. पण जुन्या रजिस्टरात नुसतं ‘हिंदू कोळी’ लिहिलं असेल आणि दाखला महादेव कोळी म्हणून असेल, तर फाईल अडणार हे धरून चाला आणि महादेव कोळी अशी स्पष्ट नोंद असलेले भावकीतले दुसरे कागद आधीच गोळा करा. रजिस्टरात स्वतः खाडाखोड करू नका, कुणाला करायलाही सांगू नका. समितीचं दक्षता पथक मूळ रजिस्टर तपासतं. एका शाईच्या फरकाने सगळ्या भावंडांच्या फाईली संशयात सापडतात.

अर्ज भरून झाला की पुढे बघायचंच नाही, हीसुद्धा चूकच. त्रुटी कळवल्याचा संदेश अर्जात दिलेल्या मोबाईलवर आणि ईमेलवर येतो, आणि ते दोन्ही बऱ्याचदा सायबर कॅफेवाल्याचे असतात. मोबाईल आणि ईमेल स्वतःचाच द्या, आणि दर पंधरा दिवसांनी पोर्टलवर स्थिती बघा.

प्रवेश तोंडावर आला आणि व्हॅलिडिटी हातात नसेल तर अर्जाची पावती जपून ठेवा. पावतीवर तात्पुरता प्रवेश मिळतो का, आणि मूळ कागद देण्याची मुदत किती, हे त्या-त्या वर्षी बदलतं. सीईटी कक्षाच्या त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेतच ते पाहायचं. मुदत चुकली की राखीव जागा जाते. प्रवेशपत्र जोडून समितीला लेखी विनंती द्या, पोच घ्या. तोंडी विनंतीचा पुरावा राहत नाही.

दाखला आहे, पण नमुना चुकीचा

नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र, एससी (अनुसूचित जाती) आणि एसटीला लागत नाही. विमुक्त-भटके, ओबीसी, विशेष मागास प्रवर्ग आणि एसईबीसी यांना लागतं, आणि प्रवेश ज्या शैक्षणिक वर्षात घ्यायचा त्याच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत ते वैध असायला हवं. जून २०२६ मध्ये प्रवेश घेणाऱ्याकडे ३१ मार्च २०२७ पर्यंत चालणारं प्रमाणपत्र पाहिजे. दहावीत काढलेलं पिशवीत पडून असतं, पण त्याची मुदत संपलेली असते.

उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे, पण ती मोजण्याची रीत अनेकांना ठाऊक नसते. नॉन-क्रिमिलेअरसाठी आई-वडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न त्या ८ लाखांत धरत नाहीत. (अधिकारीपदावरच्या पालकांना वेगळे निकष आहेत.) म्हणजे कंपनीत कामाला असलेल्या ओबीसी कामगाराने किंवा द्राक्षबागायतदाराने ‘आपण बसत नाही’ असं आधीच ठरवून टाकू नये. ईडब्ल्यूएसमध्ये, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकात, मात्र सगळं उत्पन्न मोजलं जातं.

राज्याच्या प्रवेशांना राज्याचा नमुना आणि आयआयटी, एनआयटी, केंद्रीय विद्यापीठं, नीटचा अखिल भारतीय कोटा यांना केंद्राचा नमुना. ओबीसी आणि ईडब्ल्यूएस दोन्हींमध्ये हा फरक आहे. केंद्राच्या ईडब्ल्यूएसला उत्पन्नाशिवाय जमिनीचीही अट आहे: ५ एकर किंवा जास्त शेतजमीन असेल तर मिळत नाही. मराठा विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवायचं ते असं, की २०२४ च्या कायद्याने राज्यात एसईबीसी प्रवर्ग आहे, केंद्राच्या यादीत तो नाही. तिथे निकषात बसत असाल तर केंद्राच्या नमुन्यातलं ईडब्ल्यूएस काढावं लागतं. दोन्ही ठिकाणी अर्ज करणार असाल तर एकाच फेरीत दोन्ही नमुने मागा.

शैक्षणिक कामासाठी जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासी आणि नॉन-क्रिमिलेअर दाखला काढताना शपथपत्राला मुद्रांक लागत नाही, साध्या कागदावरचं स्वयंघोषित चालतं. तरी ५०० रुपयांचा स्टॅम्प आणायला सांगणारे भेटतात. ते पैसे वाचवा, आणि सेवा केंद्राची पावती घ्या. पावतीवरच्या अर्ज क्रमांकाशिवाय पुढे लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करता येत नाही.

कॅपच्या फॉर्ममध्ये चार कॉलेजं लिहून थांबणं

कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया. तिच्या फॉर्ममध्ये ओळखीची चार-पाच नावं भरली जातात, त्यातलं एकही लागत नाही, आणि मग कुणीतरी मॅनेजमेंट कोट्याची जागा सुचवतं. तिथे थांबा. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला की शिष्यवृत्ती आणि फी-प्रतिपूर्ती मिळत नाही. मागच्या वर्षीचा कटऑफ उघडून आपल्या प्रवर्गाचा रकाना वाचायला शिका. ‘जी’ने सुरू होणारा रकाना सर्वांसाठी, ‘एल’ने सुरू होणारा मुलींसाठी. शेवटचं अक्षर ‘एच’ म्हणजे होम विद्यापीठ, ‘ओ’ म्हणजे बाहेरचं, ‘एस’ म्हणजे राज्यस्तर. नाशिकमधून बारावी केलेल्यांचं होम विद्यापीठ सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. मुलींनी दोन्ही रकाने पाहायचे, कारण ‘जी’च्या जागाही त्यांना खुल्या असतात. आवाक्यापेक्षा वरची काही, बरोबरीची बरीच आणि नक्की लागतील अशी काही कॉलेजं भरा, आणि क्रम खऱ्या आवडीचाच ठेवा. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं.

टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या ५ टक्के जादा जागा, ८ लाखांच्या आतल्या कुठल्याही प्रवर्गाला मिळू शकतात. पण त्यांचा चॉइस कोड वेगळा असतो, शेवटी ‘टी’ असलेला. तो पर्याय वेगळा भरला नाही तर गुण कितीही असोत, जागा मिळत नाही. आणि एकदा घेतली की पुढे कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही, हेही आधीच ध्यानात घ्या.

‘मोफत’ म्हणजे काय हे न विचारणं

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. अट अशी, की प्रवेश कॅपमधून हवा. खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यात नाहीत. विकास शुल्क, ग्रंथालय, वसतिगृह, मेस हे खर्चही यात नाहीत. ‘मुलींना सगळं मोफत’ एवढंच ऐकून खाजगी विद्यापीठात नाव घातलेल्या मुलीचे पालक दुसऱ्या सत्रात सावकाराकडे जातात. प्रवेशाआधी कॉलेजकडून फीचा बाबनिहाय तक्ता लेखी घ्या आणि प्रत्येक बाबीसमोर ‘माफ’ की ‘भरायची’ ते लिहून घ्या.

अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख आहे. त्याहून जास्त उत्पन्न असेल तर फ्रीशिप ही फी माफीची वेगळी योजना आहे. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर यातली चुकीची निवडली की अर्ज परत येतो.

महाडीबीटी: अर्ज मंजूर, पैसे गायब

याचं नेहमीचं कारण बँकेत सापडतं. खात्याला आधार क्रमांक जोडलेला असणं वेगळं आणि ते खातं डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी, आधारशी सीड केलेलं (नोंदवलेलं) असणं वेगळं. पैसे शेवटी सीड झालेल्या खात्यात जातात, पासबुक कोणतंही दिलेलं असो. सिमकार्ड घेताना उघडलं गेलेलं एखादं पेमेंट बँकेचं खातं तिथे लागलेलं असतं आणि मुलाला पत्ताच नसतो. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहा. चुकीची बँक दिसली तर हव्या त्या बँकेत जाऊन सीडिंगचा फॉर्म भरून द्या. शाळेत असताना काढलेलं अज्ञान खातं अठरा पूर्ण झाल्यावर केवायसी केल्याशिवाय चालत नाही. आधारला मोबाईल जोडलेला नसेल तर ओटीपीच येणार नाही, आणि नावाची दुरुस्ती करायची असेल तर दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच करा, उलट नको.

अर्ज भरून झाल्यावर तो आधी कॉलेजच्या क्लार्ककडे, मग विभागाकडे जातो. ‘सेंड बॅक’ झालेला अर्ज मुदतीत दुरुस्त करून पुन्हा पाठवला नाही तर त्या वर्षाचे पैसे गेले. आठवड्यातून एकदा लॉगिन करा. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण आपोआप होत नाही, ते दर वर्षी करावं लागतं. एकदा बीए पूर्ण करून पुन्हा बीकॉमला गेलात, तर त्याच टप्प्यावरच्या दुसऱ्या पदवीला ही शिष्यवृत्ती मिळत नाही.

एससी विद्यार्थ्यांच्या घरी आणखी एक गैरसमज होतो, आणि तो घर हलवून टाकतो. २०२१ पासून केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यात निर्वाह भत्त्याबरोबर कॉलेजची फीही असते. मोठी रक्कम आली म्हणून घराचं छप्पर किंवा दवाखाना यात ती संपते, आणि परीक्षेच्या तोंडावर कॉलेज फी मागतं. घरच्यांना आधीच सांगा: यातली फी कॉलेजची आहे. आपला भत्ता किती, तेही पाहून ठेवा. साध्या बीए-बीकॉम-बीएस्सीसाठी तो वर्षाला घरून ये-जा करणाऱ्याला ३,००० आणि वसतिगृहात राहणाऱ्याला ६,००० रुपये आहे. एवढ्यावर शहरात राहता येत नाही, म्हणून पुढचा भाग महत्त्वाचा.

राहण्याची सोय प्रवेशानंतर शोधणं

शासकीय वसतिगृहाचा अर्ज कॉलेज प्रवेशाच्या बरोबरीने करायचा. वसतिगृहात जागा नाही मिळाली तर एससी-नवबौद्धांसाठी स्वाधार, एसटीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् आणि ओबीसी, विमुक्त-भटक्यांसाठी २०२३-२४ पासून ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. नाशिक विभागीय मुख्यालय असल्याने शहरात शिकणाऱ्याला वर्षाला ५१,००० रुपये: भोजन २८,०००, निवास १५,०००, निर्वाह ८,०००. आधार योजनेत जिल्ह्याला ६०० विद्यार्थ्यांची मर्यादा आहे, म्हणून गुण आणि तारीख दोन्ही सांभाळा.

अर्ज बाद होतात ते अशा कारणांनी: वसतिगृहासाठी अर्जच केला नव्हता, विद्यार्थी त्याच शहराचा रहिवासी निघाला, भाड्याच्या खोलीचा करार नाही, किंवा हजेरी ७५ टक्क्यांखाली गेली. एसटी विद्यार्थ्यांनी आपलं आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय कोणतं ते पाहावं. पेठ, दिंडोरी, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी नाशिक प्रकल्पात येतात, तर सुरगाणा, कळवण, बागलाण कळवण प्रकल्पात. आदिवासी विकास भवन जुन्या आग्रा रोडवर गडकरी चौकात आहे, समाजकल्याणचं सामाजिक न्याय भवन पुणे रोडला नासर्डी पुलाजवळ.

हे पैसे उशिरा येतात, हे गृहीत धरूनच घरचं गणित मांडा. पहिल्या सत्राची खोली, डबा आणि प्रवास यांची तजवीज हाताशी हवी. ये-जा करणार असाल तर एसटी बसच्या विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत आहे. मुलींचा मोफत पास बारावीपर्यंतच असतो, कॉलेजात गेल्यावर तो मिळेल असं धरू नका.

पहिल्या वर्षी गप्प राहून कॉलेज सोडणं

मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिल्या सत्रात इंग्रजी पुस्तकं झेपत नाहीत, एक-दोन विषय राहतात, आणि तो न सांगता गावी जातो. विषय राहणं म्हणजे वर्ष वाया जाणं नव्हे. एटीकेटीचा, म्हणजे राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्षात जाण्याचा, नियम कॉलेजात विचारा आणि वर्गशिक्षकांना अडचण सांगा. हजेरी तुटली तर पुढच्या वर्षाची शिष्यवृत्तीही अडचणीत येते.

कामधंद्यामुळे रोज कॉलेज शक्यच नसेल तर नाशिकजवळ गोवर्धनला मुख्यालय असलेलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ पासूनचं. तिथे प्रवेश अभ्यासकेंद्रातून होतो, तेव्हा केंद्र निवडताना संपर्क सत्रं सुटीच्या दिवशी होतात का ते विचारा. बारावीच राहिली असेल तर राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या परीक्षा देता येते. त्याच्या तारखा परीक्षेच्या बऱ्याच आधी संपतात.

आणि कॉलेज बदलायचं किंवा सोडायचं ठरलंच तर मूळ कागद कॉलेजकडे अडकलेत म्हणून थांबून राहू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे संस्थेने प्रवेशाच्या वेळी मूळ प्रमाणपत्रं तपासून लगेच परत द्यायची असतात, स्वतःकडे ठेवायची नसतात. फी परतीचे टप्पेही त्यात आहेत. प्रवेश रद्द करण्याचा अर्ज दोन प्रतींत द्या, एकीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या. परतावा किती मिळणार हे त्या तारखेवर ठरतं.